जेवल्यावर घ्यायची गोळी आणि उपवासाचा दिवस

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात त्या, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि ६१ वर्षांच्या सासूबाई. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, दुपारी जेवल्यावर. रिपोर्ट सुरेख येत होते. गेल्या खेपेला मात्र बीसीआर-एबीएल, म्हणजे रक्तात हा आजार किती उरलाय ते सांगणाऱ्या तपासणीचा आकडा ०.०५ टक्क्यावरून ०.७ टक्क्यावर गेला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित चालू आहेत ना? सासूबाई हो म्हणाल्या. घरच्यांनाही तसंच वाटत होतं, कारण स्ट्रिप रोज वेळेवर रिकामी होत होती. मग दिवाळीची आवराआवर निघाली आणि देवघराच्या खणात एक कागदी पुडी सापडली. आत ३६ गोळ्या. आषाढी एकादशीला तो खण या भगिनींनीच पुसून घेतला होता, तेव्हा पुडी नव्हती. नवऱ्याचं म्हणणं, आई एक तर विसरते नाही तर हट्टाला पेटली आहे. आता बोलणं बंद, गोळी कुटून भाजीत घालायची. या भगिनींना स्वतःला पाचवा महिना आहे. त्या लिहितात, "रोज आमच्या तोंडावर खोटं बोलल्या, हे मला गिळवत नाही. अंगात त्राण नाही तरी गुरुवार, एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, एकही उपवास सोडत नाहीत. आणि सोडतात काय, तर गोळी! मी पडले सून. विचारलं तर घरात भडका, नाही विचारलं तर त्यांच्या जिवाशी खेळ. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि पेन्सिल घेऊन बसले. आषाढी एकादशीपासून तुमच्या आवराआवरीच्या दिवसापर्यंत साधारण शंभर दिवस होतात. त्यातले गुरुवार मोजले, चौदा. एकादश्या सात, आषाढी धरून. संकष्ट्या चार. श्रावणी सोमवार चार. नवरात्राचे नऊ, त्यातला एक गुरुवार आधीच मोजलेला. बेरीज ३७ आली. तुमच्या पुडीत ३६ आहेत.

हा काही पुरावा नाही. आकडे योगायोगानेही जुळतात. पण विसरणाऱ्या माणसाच्या गोळ्या अशा हिशेबात उरत नाहीत, आणि हट्टाला पेटलेलं माणूस आठवड्यातून पाच-सहा दिवस निमूटपणे गोळी घेऊन सहाव्या-सातव्या दिवशीच हट्ट करत नाही. तुमच्याच पत्रात उपवासांची यादी आहे आणि तुमच्याच पत्रात गोळ्यांचा आकडा आहे. रागाच्या भरात ते दोन्ही शेजारी ठेवायचे तुमच्याकडून राहून गेले, इतकंच.

आता 'जेवल्यावर' हा शब्द बघा. इमॅटिनिब पोटाला लागते, मळमळवते. म्हणून खाण्याबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. डॉक्टरांच्या मनात 'जेवल्यावर' म्हणजे 'पोटात काही असताना'. पण आपल्याकडे उपवासाच्या दिवशी कुणी जेवत नाही, फराळ करतं. बशीभर साबुदाण्याची खिचडी, वर वाटीभर दही, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, एवढं खाऊन झालं तरी शेजारीण विचारते तेव्हा आपण सांगतो, "आज जेवण नाही हो, उपवास आहे." तुमच्या सासूबाईंना सांगितलं होतं, जेवल्यावर घ्या. आज जेवण नाही. म्हणजे गोळी नाही. त्या डॉक्टरांचं मोडत नसून अक्षरशः पाळत असतील, ही शक्यता मला सगळ्यात मोठी वाटते. दुसरी शक्यता, गोळीने उपवास मोडतो असं त्यांना वाटत असेल. दोन्ही एकत्रही असू शकतील.

इथे मला माझीही एक गोष्ट कबूल करायला हवी. मी जवळपास तीस वर्षं एका रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे उभी राहिले. 'जेवल्यावर', 'उपाशीपोटी', 'एक-शून्य-एक' हे शब्द दिवसातून शेकडो वेळा तोंडातून जायचे. पाकिटावर उगवत्या-मावळत्या सूर्याची चित्रंसुद्धा काढून द्यायचे, वाचता न येणाऱ्यांसाठी. पण समोरच्या बाईला "तुमचे उपवास कोणते असतात हो?" असं विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. स्वतः दर चतुर्थीला भगर खाणारी मी. तेव्हा सासूबाईंवर आरोपपत्र ठेवायचं असेल तर त्यात आमच्या खिडकीचंही नाव घाला.

मग त्या खोटं का बोलल्या? तुमचा जीव खरं तर या प्रश्नात अडकला आहे, गोळ्यांत नाही. त्यांना घरात रोज काय विचारलं जातं ते आठवून बघा. "आई, गोळी झाली?" चालता चालता, डबा भरता भरता, चप्पल घालता घालता. या प्रश्नाचं एकच उत्तर घरात चालतं आणि तेच त्या देतात. "आज नाही घेतली, उपवास आहे" म्हटलं तर लेक काय बोलेल हे त्यांना पाठ असणार, आणि पुढची पायरी म्हणजे 'उपवास बंद कर' हेही. आणि एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी गोळ्या फेकल्या नाहीत. मोरीत सोडल्या नाहीत, कचऱ्यात टाकल्या नाहीत. कागदात बांधून देवाजवळ ठेवल्या. घरात पैसा कसा येतो ते ठाऊक असलेल्या बाईचं हे काम आहे. महाग वस्तू वाया घालवायची नाही, आणि लपवायचं ते देवापासून लपवायचं नाही.

(या गोळीला महाग म्हणणंही आता तसं बरं आहे. एकेकाळी मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात सांगितला जायचा. आपल्याकडच्या कंपन्या तीच गोळी त्याच्या कितीतरी कमी पैशांत बनवत होत्या, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून तो स्वस्त रस्ता उघडा राहिला. त्या निकालाचा पेपर आमच्या खिडकीवर कुणीतरी चिकटवला होता.)

उपवासाचा माझा तर्क चुकलाही असेल. म्हणून दुसरी कारणंही मनात असू द्या. या गोळीने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पोट बिघडतं, कुणाकुणाची त्वचा फिकी पडते. 'तोंड सुजलंय तुमचं' असं हळदी-कुंकवाला दोघी-तिघींनी म्हटलं की बाई त्या आठवड्यात गोळी टाळते, हे मी पाहिलेलं आहे. 'रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे बरी झाले' हे तर सर्रास. आणि कुणीतरी दिलेला काढा. गोळी बंद करून काढा घेतला तर काय होणार ते उघड आहे, पण गोळीच्या जोडीने घेतला तरी काही वनस्पती यकृतात औषधाचं गणित बिघडवतात. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातलं पपनस याच कारणाने टाळायला सांगतात. घरात काय काय चालू आहे ते सगळं, अगदी चूर्णाच्या डबीसकट, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

आता हे इतकं गंभीर आहे का? आहे. इमॅटिनिब घेतल्यावर साधारण अठरा तासांत तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. एखादा दिवस चुकला तर शरीर सावरून घेतं. नवरात्रातले नऊ दिवस ओळीने चुकले तर रक्तात काही उरतच नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सीएमएलच्या ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात एक छोटी चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं ते तिच्यात नोंदलं जायचं आणि हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. तीन महिन्यांच्या नोंदींवरून त्यांनी २०१० साली छापलं ते असं: ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत चांगला रेणवीय प्रतिसाद, म्हणजे तो बीसीआर-एबीएलचा आकडा ०.१ टक्का किंवा खाली, मिळण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या वर होती. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात २८ टक्के. नव्वद दिवसांत नऊ गोळ्या चुकल्या की माणूस त्या रेषेवर येतो. तुमच्या घरात शंभर दिवसांत ३६ चुकल्या.

लंडनमधल्या त्या लोकांना एकादशी नव्हती, तरी गोळ्या चुकल्याच. तेव्हा दोष उपवासाच्या माथी मारून मोकळं होऊ नका.

पुडीची गोष्ट डॉक्टरांना सांगायचीच, आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता या आठवड्यात फोन करून. आकडा ०.०५ वरून ०.७ वर गेला याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल? बाई रोज गोळी घेते असं ते धरून चालले आहेत. मग उरतं एकच, औषध लागू पडेनासं झालं. पुढच्या खेपेला ते पेशींमध्ये म्युटेशन, म्हणजे जनुकात बदल, झालंय का याची तपासणी लिहितील, त्यानंतर डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिबसारखी दुसरी गोळी. ती कदाचित महाग, तिचे त्रास वेगळे, आणि निलोटिनिब असेल तर ती दिवसातून दोनदा आणि उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही! म्हणजे जी गोळी बहुधा नीट काम करतेय ती फक्त पोटात गेली नाही म्हणून बाद होईल. म्युटेशनची तपासणी तरीही लागेल कदाचित, ते डॉक्टर ठरवतील. पण ठरवताना त्यांच्यासमोर खरा आकडा हवा. "३६ गोळ्या चुकल्या आहेत, कारण बहुधा हे आहे", एवढं एक वाक्य पुरे. अशा वाक्यावर कुणी डॉक्टर खेकसलेच, तर त्यांना खेकसू द्या. माहिती पोहोचली.

फोन मात्र सासूबाईंना अंधारात ठेवून नको. आधी त्यांच्याशी बोला, आणि फोन जमलं तर त्यांच्याच हातून.

भाजीत गोळी कुटून घालण्याचा बेत आजच रद्द करा. पहिलं कारण तुमच्या पोटात आहे. इमॅटिनिब गर्भाला घातक ठरू शकते. अख्खी गोळी हातात घेणं वेगळं आणि ती खलबत्त्यात कुटून तिची पूड श्वासात, बोटांवर, ओट्यावर जाणं वेगळं. गरोदर बाईने ते काम करायचं नाही, आणि ज्या खलात वेलदोडे कुटता त्यात तर कुणीच नाही. ज्यांना गिळताच येत नाही त्यांच्यासाठी ही गोळी पाण्यात विरघळवून देता येते, पण ते विचारून, रुग्णाच्या समोर. कर्करोगाच्या इतर कित्येक गोळ्या तर फोडायच्याही नसतात. दुसरं कारण साधं आहे. भाजी अर्धी ताटात राहिली तर किती औषध पोटात गेलं? आणि ज्या दिवशी कडू लागलं त्या दिवसापासून त्या तुमच्या हातचं खातील का? त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. त्यांच्या शरीरात काय जातं ते त्यांना कळायला हवं.

तर बोलायचं कसं. नवरा आणि पुडी, दोन्ही समोर नसताना. मेथी निवडायला बसाल किंवा वाती वळायला, तेव्हा. हात कामात असले की तोंड मोकळं होतं आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. "का घेत नाही?" हा प्रश्न विचारू नका. "आई, गुरुवारी गोळीचं कसं करता तुम्ही? जेवण तर नसतं" असं विचारा. यात आरोप नाही, उलट अडचण तुमच्या लक्षात आली आहे असं त्यांना दिसतं. मग गप्प बसा. मेथीची अर्धी जुडी होईपर्यंत गप्प बसावं लागलं तरी चालेल. त्या स्वतः पुडीचं बोलल्या तर उत्तम. नाहीच बोलल्या तर तुम्ही सांगा की आवरताना दिसली, आणि जपून ठेवल्यात हे बघून बरं वाटलं. ते खोटं नाही.

आणि 'उपवास सोडा' हे वाक्य या बैठकीत काढू नका. तो वेगळा विषय आहे. त्यांचा अशक्तपणा उपवासाने आहे की रक्तातल्या पेशी कमी झाल्याने की गोळीने, हे डॉक्टरांनाच विचारायचं. निर्जळी करत असतील तर तेही विचारायचं. पण गोळी आणि उपवास यांत एक निवडा असं म्हणाल तर त्या काय निवडतील याची मला खात्री नाही, तुम्हालाही नसावी.

निवडायची तशी गरजही नाही. उपवास सुटतो कधी ते बघा. गुरुवार आणि सोमवार त्या रात्री जेवून सोडत असतील, संकष्टी चंद्रोदयाला. म्हणजे डॉक्टरांच्या परवानगीने गोळी दुपारऐवजी रात्रीच्या जेवणावर नेली, तर बहुतेक उपवासांचा प्रश्न एका फटक्यात मिटतो. फक्त गोळी घेऊन लगेच आडवं पडायचं नाही, छातीशी जळजळतं. संकष्टीला चंद्रच रात्री दहाला उगवला तर जेवण झाल्यावर तासभर तरी बसतं राहावं लागेल. उरल्या एकादश्या आणि नवरात्र, जिथे रात्रीही फराळच. तिथे भगरीवर किंवा खिचडीवर गोळी चालेल ना, एवढंच डॉक्टरांना विचारायचं, आणि उत्तर सासूबाईंच्या कानांवर पडू द्यायचं. 'फराळावर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला पाहिजे. त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला तर सोन्याहून पिवळं.

औषधाने व्रत मोडतं का, या शंकेला तुम्ही उत्तर देऊ नका. सुनेने धर्म सांगितलेला चालत नाही. घरी येणारे गुरुजी असतील, त्या ज्यांच्या कीर्तनाला जातात ते बुवा असतील, त्यांच्याकडे विषय काढा. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगणारा एक जुना श्लोक आहे: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा, आणि आठवं औषध. बहुतेक गुरुजींना तो पाठ असतो. तो म्हणताना ऐकला की सासूबाईंच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल.

नोंदीसाठी ॲप वगैरे नको. भिंतीवरचंच कॅलेंडर घ्या, ज्यावर त्या एकादशी बघतात. गोळी घेतली की त्यांनी स्वतः त्या तारखेवर कुंकवाचं बोट लावावं किंवा पेनाने टिंब काढावं. टिंब नसेल तर तुम्ही फक्त विचारायचं, ओरडायचं नाही. एखादी चुकलीच तर त्याच दिवशी आठवताच खाण्याबरोबर घ्यायची. दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. उलटी झाली तर विचारल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. आणि पुडीतल्या त्या ३६ गोळ्या 'वाया नको' म्हणून पुन्हा वापरात आणू नका. पाकिटातून काढून शंभर दिवस कागदात राहिल्या आहेत. रुग्णालयाच्या औषध विभागात परत द्या, नष्ट कशा करायच्या ते त्यांना कळतं.

इतर घरांतूनही अशीच पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. प्रत्येक गोळीची तऱ्हा वेगळी असते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची अबिरॅटेरोन बहुधा रिकाम्या पोटी घ्यायची असते. कॅपेसिटॅबिन खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आणि बहुतेकदा चौदा दिवस घेऊन सात दिवस बंद. तिथे उलटीच चूक होते: तोंड सोललंय, तळहात-तळपाय लाल होऊन भेगाळलेत, जुलाब थांबत नाहीत, आणि माणूस 'कोर्स पूर्ण करायचाय' म्हणून घेतच राहतो. अशा वेळी थांबून त्याच दिवशी फोन करायचा. ताप १०० च्या वर जायला लागला तरीही. स्तनाच्या कर्करोगानंतरची टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल पाच-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त चालते. सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, आणि आजार तर दिसत नाही, म्हणून बायका तिसऱ्या वर्षी गुपचूप सोडतात. त्रास सांगितला तर गोळी बदलता येते. आणि सीएमएलची गोळी काही जणांत पुढे खरोखरच थांबवता येते, पण ती कित्येक वर्षं रिपोर्ट अगदी खोल उतरलेले असतील तर, आणि नंतर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करत. सासूबाईंना सांगा की तोही रस्ता आहे. फक्त तो देवघराच्या खणातून जात नाही.

नवऱ्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी असते तर कॅलेंडर आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली असती आणि मोज म्हटलं असतं.

कार्तिकीच्या एकादशीपर्यंत हे बोलणं होऊ द्या. त्यानंतर लगेच मार्गशीर्षातले गुरुवार येतात. घट मांडायला, पाच फळं आणायला, कहाणी वाचायला त्या तुम्हालाच हाक मारतील. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी नैवेद्य दाखवून त्या उपवास सोडायला बसल्या की ताटाशेजारी पाण्याचा मोठा पेला ठेवा, नेहमीचा छोटा नको. गोळी त्या घेतील.